दहा वर्षं टिकतील असे कपडे

प्रिय जीवन,

जय भीम. रोज फोन होत असताना मम्मीला पत्र कुठून सुचलं, म्हणून तू हसशील. फोनवर तू मला बोलता बोलता कधी दुसऱ्याच विषयावर नेऊन सोडतोस, ते ठेवल्यावर कळतं. इथे मधे तुझा आवाज येणार नाही. म्हणून सरळ लिहिते. तू कुठेतरी लांब निघाला आहेस आणि आमच्यापासून ते लपवतो आहेस, असा मला संशय आहे. तो तुझ्या कपड्यांवरूनच आला.

दिवाळीच्या सुट्टीत आलास आणि कपाट रिकामं करायला बसलास. सेलमधले टी-शर्ट, गुडघ्यावर फाटलेल्या जीन्स, सगळं गोणीत भरून शेजारच्या छबुबाईंच्या नातवंडांना दिलंस. आधी दर आठवड्याला तुझं पार्सल यायचं आणि दोन धुण्यांत त्याची कॉलर लाटेसारखी व्हायची. मी कितीदा बोलले असेन. आता म्हणालास, मोजकेच कपडे ठेवणार, चांगल्या सुती कापडाचे, शिवून घेतलेले. फाटले तर दुरुस्त करणार. "मम्मी, दहा वर्षं टिकतील असे." पप्पांना केवढा आनंद झाला. तुझे आजोबा आबासाहेब दोनच जोड वापरायचे, पण चौदा एप्रिलला निघाले की गावातले लोक वळून बघायचे, कुणाला ते सहन व्हायचं, कुणाला नाही, हे त्यांनी तुला परत एकदा ऐकवलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण रात्रीची भांडी घासताना ते 'दहा वर्षं' मनात खुपायला लागलं. दहा वर्षं कुठे?

मग तू माझ्याशेजारी बसून बटण लावायला शिकलास. पँटचा हेम कसा घालायचा, ते विचारलंस. छबुबाई दारातून बघत होत्या. तू आत गेल्यावर म्हणाल्या, "पोरगी हाय यात. लिहून घ्या मॅडम." मीही तेच धरून बसले, कारण ते सोपं होतं. पण पोरगी असती तर तू आरशात बघितलं असतंस. तू कपडा उलटा करून आतली शिवण बघत होतास. कमरेत आत जादा कापड सोडायला सांगितलंय म्हणालास, पुढे जाड झालो तर उसवून मोठी करता येईल. पुण्यात गल्लोगल्ली शिंपी आहेत रे. स्वतः शिवायला तोच शिकतो, ज्याच्या जवळपास शिवून देणारं कुणी नसणार.

तुला माझं शिरूर कासारचं माहेरचं घर आठवत नसेल. दसरा जवळ आला की माझे वडील, दादा, टिकाऊ कापड शोधायला लागायचे. एरवी आमच्याकडे कसलंही चालायचं. पण उसाच्या फडात सहा महिने काढायचे म्हणजे शर्ट जाड हवा, पूर्ण बाह्यांचा हवा. तोच शर्ट आई साडीवर घालायची, पाचटानं हात कापू नयेत म्हणून. एक शर्ट आळीपाळीनं दोघांच्या अंगावर टिकायला हवा असे. निघण्याआधी आई एकेक बटण ओढून बघायची, सैल असलं की जाड दोऱ्यानं पुन्हा लावायची. मला कुणी काही सांगायचं नाही. ती बटणं ओढायला लागली की मला कळायचं. तू त्या दिवशी पलंगावर बसून अगदी तसंच बटण ओढून बघितलंस. तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही.

पप्पांना बोलून दाखवलं तर म्हणाले, तुला शाळेतल्या पोरांच्या दप्तरात डोकावायची सवय लागली आहे. मग परवा शाळेच्या केंद्राच्या बैठकीसाठी युसूफ वडगावला गेले होते. तिथे तुझे कपडे शिवणारे शिवशंकर टेलर भेटले. त्यांनीच हाक मारली. कोट अंगाला बसला का, विचारलं. मी म्हटलं, कोणता कोट? त्यांचा चेहरा उतरला. "घरी सांगू नका म्हणलं होतं पोरानं. मला वाटलं, आतापत्तूर तुमाला ठावं आसंल. लई जाड लोकरीचं कापड हाय बाई, आत अस्तर डबल. आपल्याकडं एवढी थंडी कुठं पडती?" मी हसून म्हटलं, हो, तो कोट होय, छान बसला. टेलरसमोर तुला खोटं पाडावंसं वाटलं नाही. केजपर्यंत एसटीत खिडकीबाहेर बघत आले. कुठला देश, किती वर्षं, कधी निघणार, यातलं काही मला माहीत नाही. पण जाणार, हे नक्की.

मी तुला अडवायला लिहीत नाहीये. तसं वाटून घेऊ नकोस. आईदादा उसाला निघायचे तेव्हा मला भिवराबाई आजीकडे ठेवून जायचे, आणि पहाटे, मी झोपेत असतानाच निघायचे. लेकरू रडेल, पाय निघणार नाही, म्हणून. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. पण सकाळी उठून मी आधी भिंतीकडे बघायची. खुंट्या मोकळ्या दिसल्या की कळायचं, गेले. मग दिवाळीपर्यंत मी रात्री झोपायलाच भ्यायची. तूही तसंच करतो आहेस, मला रडू येऊ नये म्हणून. मला येऊ दे रडू. या रविवारी घरी ये, पप्पांच्या आणि माझ्या समोर बस आणि स्वतःच्या तोंडानं सांग. जायचं तर जा, बाळा. पण मला उठवून जा.

जाणार हे कळूनही तुझ्याच तोंडून ऐकायला थांबलेली,
तुझीच
मम्मी