ही बाजू वर

प्रिय फूटपट्टी,

या नावाने तुला हाक मारणारं आता माझ्याशिवाय बहुधा कोणी उरलं नसेल. ऑफिसातली माणसं मॅडम म्हणतात, वर्तमानपत्रं 'ज्येष्ठ वास्तुविशारद' म्हणतात, आणि आमच्या संग्रहालयाच्या पुढच्या भिंतीवर तर सोमवारपासून तुझं नाव माणसाच्या उंचीच्या अक्षरांत झळकतंय. रंगारी शिडीवर चढून तुझं आडनाव रंगवत होता, तेव्हा मी खालून चालले होते. त्याने विचारलं, बाई, अक्षरं सरळ आहेत ना बघा. मी म्हटलं, डावीकडे जराशी झुकलीयत. झुकलेली नव्हती. बिचाऱ्याने दोरी लावून सगळं पुन्हा मोजलं. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे येईल त्याचं तुला फार नवल वाटायला नको.

तुझे खोके तीन आठवड्यांपूर्वी आले. बत्तीस. आमच्या तळघरात माझं लांब टेबल आहे, त्यावर दिवा, चिमटे, ब्रश आणि पाच-सहा प्रकारचे डिंक. दुसऱ्यांनी बनवलेली आणि काळाने मोडलेली मॉडेलं जोडायची, हे माझं गेल्या सव्वीस वर्षांचं काम. तुझी अकरा मॉडेलं जोडून झाली. बाकीच्या खोक्यांत तुझी रेखाटनं, तुझ्या खुर्च्या, तुझा जुना चष्मा, आणि एका मखमली पेटीत तुझ्या शिसपेन्सिलींची थोटकं. आमच्या क्युरेटरबाईंनी ती काचेच्या कपाटात ओळीने मांडलीयत आणि वरून दिवा सोडलाय. डावीकडून चौथं थोटूक बघशील. त्यावर दातांच्या खुणा आहेत, त्या माझ्या आहेत. तू आयुष्यात पेन्सिल चावली नाहीस. तू पेन्सिलीलासुद्धा शिस्त लावणारी. म्हणजे माझे दात आता तुझ्या नावावर काचेत बसलेत. क्युरेटरबाई पाहुण्यांना सांगतात, बघा, केवढा ध्यास! मी शेजारी उभी राहून मान डोलावते.

आता खरी गोष्ट. मंगळवारी तुझ्याकडून वाचनालयाच्या मॉडेलच्या पाटीचा मजकूर आला. त्यात माझं नाव आहे, पूर्ण, माहेर-सासर दोन्हीकडच्या आडनावांसकट. शनिवारी तुझ्या प्रदर्शनाचं उद्घाटन, आणि उद्या दुपारी सगळ्या पाट्या छापायला जातील. म्हणून हे पत्र टपालाने नाही, तुझ्या ऑफिसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय. एका दमात वाच.

मला तुझा हेवा वाटतो, हे तुला माहीत आहे का? मला कायम वाटायचं की मी ते छान लपवलंय. माझा नवरा म्हणतो की लपलं असेल तर फक्त माझ्यापासून. तो चष्मेवाला, दिवसभर लोकांच्या डोळ्यांत डोकावून पाहणारा माणूस. तुझी मुलाखत लागली की मी टीव्हीचा आवाज कमी करते आणि तुझ्या साडीला नावं ठेवते. तो म्हणतो, तुझी नजर चांगली आहे गं, तिच्याकडे बघतानाच तेवढा नंबर वाढतो. खरं आहे. तुला पहिलं मोठं पारितोषिक मिळालं त्या दिवशी मी तुला फुलं पाठवली आणि तीन दिवस जेवले नाही. तुझं घर मासिकात छापून आलं तेव्हा मी ते पान दातांच्या डॉक्टरकडे वाट बघत बसले असताना फाडून पर्समध्ये घातलं. कशासाठी, कोण जाणे. अजून आहे माझ्याकडे. आणि माझ्या पोटची पोर, तिने तुझ्या त्या वाचनालयात बसून दोन वर्षं अभ्यास केला. म्हणायची, आई, तिथे मन लागतं. दुसरी वाचनालयं काय ओस पडली होती? पण मी तिला डबा भरून द्यायची.

वसतिगृहातली आपली खोली आठवते ना? दोन खाटा, मध्ये एकच टेबल. त्या टेबलावर तू खडूने मधोमध रेघ मारली होतीस, कारण माझा पसारा तुझ्याकडे सरकायचा. तू ताडमाड, सरळसोट, सगळं मोजूनमापून करणारी, म्हणून फूटपट्टी. माझ्या बोटांना कायम काहीतरी चिकटलेलं, म्हणून डिंकी. शेवटच्या वर्षी ती वाचनालयाची स्पर्धा आली. प्रत्येक कॉलेजातून एकच आराखडा जाणार होता, आणि शेवटी दोनच उरले, तुझा आणि माझा. सरांनी दोन्ही कागद भिंतीवर लावले, मागे हात बांधून दहा मिनिटं येरझाऱ्या घातल्या आणि माझा कागद उतरवून माझ्या हातात दिला. म्हणाले, तुझा हात फार चांगला आहे. डोकं येईल नंतर. तू हिचं मॉडेल कर. सगळा वर्ग हसला. तू हसली नव्हतीस, आणि त्याचाच मला जास्त राग आला होता. सर जाऊनही आता बारा वर्षं झाली, पण ते वाक्य अजून माझ्या कानाशी बसलेलं आहे.

त्याआधी एकदा मी खरोखरच चुकले होते. बसथांब्याचं छोटं मॉडेल करताना मी आराखड्याचा आरपार दिसणारा ट्रेसिंगचा कागद पालथा घातला आणि बाकं रस्त्याकडे पाठ करून बसली. आपण दोघी पोट धरून हसलो होतो. प्रवाशांना बस दिसायचीच नाही, तू म्हणाली होतीस, पण भिंत छान दिसेल. त्यानंतर तू माझ्या हातात कागद देताना दोनदा बजावायचीस. त्यामुळे वाचनालयाच्या वेळी जे झालं, त्यावर सगळ्यांचा चटकन विश्वास बसला.

जे झालं ते तू इतक्या वेळा सांगितलं आहेस की मला तुझ्या शब्दांत पाठ आहे. परीक्षकांसमोर मॉडेलवरचं कापड काढलं आणि तुला दिसलं की इमारत उलटी बसलीय. डावं-उजवं जागच्या जागी, पण पुढचं मागे गेलंय. दार रस्त्यावर हवं ते झाडांच्या उताराकडे, आणि रस्त्याला नुसती कोरी भिंत. तुझ्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तू मॉडेलकडे बघत राहिलीस. मग तू म्हणालीस, वाचायला येणाऱ्या माणसाने आधी भिंतीच्या कडेने चालावं, रस्त्याचा आवाज मागे ठेवावा आणि मगच त्याला दार भेटावं. परीक्षकांतले एक म्हातारे गृहस्थ खुर्चीतून पुढे सरकून बसले. तिथून पुढे जे काही झालं, त्याला आता 'तुझी कारकीर्द' म्हणतात.

आणि तू कधी ते लपवलं नाहीस. प्रत्येक मुलाखतीत सांगत आलीस की माझ्या एका मैत्रिणीच्या हातून चूक झाली आणि तिने मला घडवलं. लोकांना ही गोष्ट फार आवडते. मला ती ऐकताना दर वेळी घाम फुटतो. पण मी कधी नाही म्हटलं नाही. एकदा क्युरेटरबाईंनी मला पाहुण्यांसमोर उभं केलं, ह्याच त्या, म्हणाल्या, ज्यांच्या चुकीने इतिहास घडला. मी लाजले. लाजणं मला चांगलं जमतं.

मंगळवारी पाटीचा मजकूर वाचला आणि आधी मला नुसता आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी दार लावून घेतलं आणि तळघरात एकटीच माझं नाव मोठ्याने वाचलं. एकतीस वर्षं वाट पाहिली होती. तुझ्या नावाची अक्षरं माणसाएवढी आणि माझी मुंगीएवढी, पण एकाच खोलीत तर होती. मुलीला फोन केला. नवऱ्याने नवा कोट शिवायला टाकायचं ठरवलं, स्वतःसाठी. आणि मग बुधवारी सकाळी मी वाचनालयाचं मॉडेल दुरुस्तीला घेतलं. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

जुना डिंक वाळून फरशीचा पुठ्ठा एका कोपऱ्याने सुटला होता. तो नीट बसवायचा तर पूर्ण उचलावा लागणार होता. उचलला. खाली तुझं ट्रेसिंग, मीच चिकटवलेलं, पालथं. आणि त्या पातळ कागदातून, कोपऱ्यात, तुझ्या हातची तांबडी अक्षरं उलटी दिसत होती. ही बाजू वर. दोनदा अधोरेखित, शेजारी बाण, आणि बाणाखाली बारीक अक्षरात 'डिंके, बघ हं'. बसथांब्यानंतर तू सावध झाली होतीस. कागद हातात घेणाऱ्या कोणालाही ते दिसलं नाही, असं होणं शक्य नव्हतं.

मला ते दिसलं होतं. मी ते वाचलं होतं. वाचून मी हसले सुद्धा होते, आणि मग माझ्या कानात सरांचं वाक्य आलं, आणि मी कागद उचलून, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटावं तसा खालची कड वर करून उलटला आणि चिकटवला. दोन दिवस बसून त्यावर एकेक भिंत उभी केली. इतक्या निगुतीने मी आयुष्यात दुसरं काम केलेलं नाही. मला तुला हरलेलं बघायचं होतं. एवढंच. तुझं ते सरळसोट डोकं सगळ्यांसमोर खाली गेलेलं बघायचं होतं, म्हणून मी तिसऱ्या रांगेतली जागा धरली होती. मी तुझ्यासाठी खड्डा खणला, आणि तुला त्यात पाणी लागलं. गेली एकतीस वर्षं सगळं गाव ते पाणी पितंय आणि मला 'चुकून विहीर खणणारी' म्हणून नमस्कार करतंय.

बुधवारी मी काय केलं तेही सांगते. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला. तांबडी शाई स्पिरिटला लगेच सुटते. दुरुस्तीच्या अहवालावर सही माझीच असते, पुठ्ठा पुन्हा खाली गेला की विषय संपला. पालथ्या कागदाचा कोपरा हलकेच सोडवून मी पहिला शब्द पुसला. सव्वीस वर्षांत मी दुसऱ्याच्या हातची एक रेघ पुसलेली नाही, तो आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा गुन्हा. 'ही' गेलं. 'बाजू वर' राहिलं. तिथे माझा हात थांबला, कारण एक साधी गोष्ट इतकी वर्षं माझ्या डोक्यात आली नव्हती. ती अक्षरं तुझी होती. तू ती लिहिली होतीस हे तुला ठाऊक होतं. तू, जी काडेपेटीतल्या काड्यासुद्धा मोजायचीस, ती हे विसरली असेल? म्हणजे कापड उचललं त्या क्षणी तुला कळलं होतं का, की ही चूक नाही? आणि तरी त्याच दुपारी तू कॅन्टीनमध्ये माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालीस, डिंके, तुझ्या वेंधळेपणाचं सोनं झालं. तू हे जाणूनबुजून केलं असशील तर मला तुझा आणखीच हेवा वाटतो. निदान वाईटपणा तरी माझा एकटीचा आहे असं मी समजत होते, तोही तू झाकून टाकलास. आणि एक कबूल करते. कागद उलटा मी घातला, पण आवाज मागे ठेवून आत यायचं ते वाक्य मला शंभर वर्षं सुचलं नसतं. तुझ्या जागी मी असते तर तिथेच रडत बसले असते.

तर पत्र लिहिण्याचं कारण हे. फरशीचा पुठ्ठा मी अजून चिकटवलेला नाही. अहवालात खरं काय ते लिहिलंय, पुसलेल्या शब्दासकट, आणि खाली सही केलीय. तू म्हणालीस तर मॉडेलखाली आरसा लावून कोपरा दाखवू, नको म्हणालीस तर झाकू, ते मॉडेल तुझं आहे. पण पाटीचा मजकूर उद्या दुपारच्या आत बदलून पाठव. माझं नाव काढू नकोस. तुला वाटेल, एवढं सगळं सांगून ही बया नाव काढ म्हणेल. नाही म्हणणार. मला ते नाव तिथे हवंय, एकतीस वर्षं हवंय, आणि या कामाचा निम्मा हक्क माझाच आहे. फक्त त्या ओळीतला एक शब्द खोड. 'ट्रेसिंग चुकून उलटं बसवलं' असं तू लिहिलंयस. त्यातलं 'चुकून' काढून टाक. आयुष्यात डोकं लावून मी एकच गोष्ट केली, ती तरी माझ्या नावावर राहू दे.

तुझीच,
डिंकी