तुझ्या आईच्या छातीतली कळ

मिरजगाव,
डिसेंबर १९७४

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं, रागही पोचला. ‘दादा, आईला मुंबईला आणायचं सोडून तुम्ही नुसत्या गोळ्यांवर ठेवलंय,’ असं तू लिहिलंस. वाईट वाटलं नाही. आईसाठी बापावर चिडणारी लेक मला आवडते. पण इथं काय घडलं ते नीट ऐक.

कळ आजची नव्हती. दुष्काळात खडी फोडायला जात होतो, तेव्हाच तिचा डावा खांदा आणि जबडा दुखायचा. ती म्हणायची, पित्त आहे. लिंबूपाणी प्यायची आणि पुन्हा घमेलं उचलायची. यंदा दिवाळी झाल्यावर पाण्याचा हंडा आणताना वाटेतच खाली बसली. लुगडं घामानं भिजलेलं, तोंडातून शब्द फुटेना. शेजारच्या छबूबाईनं मला शेतातून बोलावून आणलं. नगरच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि पुण्याला धाडलं.

पुण्याचे डॉक्टर भले माणूस. कागदावर हृदय काढून म्हणाले, याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या आतून चोंदल्या आहेत. मी विचारलं, विहिरीच्या पाटात गाळ साचतो तसं का? ते हसून हो म्हणाले. मग गाळ उपसा की, म्हटलं. तर म्हणाले, तसं औषध अजून निघालेलं नाही. रोजच्या गोळ्या, कळ आली की जिभेखाली ठेवायची वेगळी गोळी, जड उचलायचं नाही, तूप-मीठ कमी. एवढं सांभाळून माणसं पुष्कळ वर्षं काढतात. दुसरा मार्ग ऑपरेशनचा. परदेशात पायाची शीर काढून चोंदलेल्या जागेला वळसा घालून जोडतात म्हणे. आपल्याकडे ते आत्ता कुठं सुरू होऊ घातलंय. आधी मुंबईत नळ्यांची तपासणी करायची, मग ठरवायचं. खात्री द्यायला ते तयार नव्हते.

शेवटी त्यांनी मिश्री बंद करायला सांगितली. हृदयाचं ऐकून न रडलेली तुझी आई मिश्रीचं ऐकून रडली. बाहेर आल्यावर म्हणाली, “त्या डाक्टरला बायको न्हाई वाटतं.”

आता पाणी मी भरतो, भाकरी मी थापतो. ती ओट्यावर बसून हुकूम सोडते. माझी पहिली भाकरी तिनं हातात फिरवून पाहिली आणि म्हणाली, “हिला गोल म्हनू का लांब?” सगळ्या आळीत हसं झालं. पण मुक्ता, इतक्या वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो. कामातून सवड कुणाला होती!

मुंबईचं मात्र तिच्या गळी उतरेना. ती ऑपरेशनला घाबरते असंच मला वाटत होतं. मागच्या आठवड्यात जिभेखाली गोळी ठेवायची वेळ आली. कळ थांबल्यावर मी जरा चढ्या आवाजात विचारलं, जायचं का नाही? तेव्हा कुठं बोलली. “लेकीला लेकरू झाल्याबिगर तिच्या घरचं पानी पिऊ न्हाई. अन् मी काय जावयाच्या दारात दुखनं घिऊन पडू?” जावईबापू आसारामराव लाख चांगले, हे तिलाही मान्य आहे. पण रीत म्हणजे रीत.

आणि तू लिहिलंस की आईला त्रास नको, बाळंतपण मुंबईतच करते. ते मी तिला वाचून दाखवलं. उठून मऊ जुनी लुगडी काढली आणि दुपटी शिवायला बसली. सुई ओवता ओवता पुटपुटली, “मला कुनी इच्यारलं का, तरास हुतो का म्हनून?”

म्हणून तिच्या माघारी हे पत्र लिहितोय. तू इकडं येऊ नकोस, बाळंतपण तिथंच होऊ दे. पण तिला वेगळं पत्र टाक. छातीचा, डॉक्टरांचा शब्दही काढू नकोस. लिही, की आई, मला भीती वाटते, तू जवळ हवीस. ती नक्की निघेल. मी सोबत येईन आणि बाळाचं तोंड पाहीपर्यंत दोघांसाठी पाणी बाहेरून आणीन. एकदा नातवंड मांडीवर आलं की रीतही सुटेल, मग तपासणीला मी तिला हाताला धरून नेतो. ती स्वतःसाठी मुंबईला येणार नाही, तुझ्यासाठी येईल. मला तिच्याशिवाय राहायची सवय नाही, पोरी, आणि ती लावून घ्यायची हिंमतही नाही. लवकर बोलावून घे तिला.

तुझाच,
दादा