हिरव्या यादीतील मुलीला लाल यादीत घेण्याबाबत

दिनांक : ११ ऑक्टोबर २०२३, बुधवार

प्रति,
मा. जिल्हा अधिकारी,
किशोरवयीन व्यसनप्रतिबंध विभाग,
जिल्हा शिक्षण कार्यालय, सारी-बुलुंग.

विषय : पाहणीतील माझी उत्तरे दुरुस्त करून माझे नाव लाल यादीत घेण्याबाबत, शनिवारपूर्वी.

संदर्भ : १) ‘अमली पदार्थ घेण्याच्या इराद्यामागील मानसिक कारणे’ ही सप्टेंबरमधील शालेय पाहणी, माझी प्रश्नावली क्र. १०ब/१७. २) भाऊ एरमेक याची प्रश्नावली क्र. ८अ/०४.

महोदय,

मी, बुरुल सादीरबेकोवा, वय सोळा, इयत्ता दहावी ‘ब’, सविनय सादर करते की वरील पाहणीत मला हिरवे कार्ड मिळाले. त्यावर ‘धोका नाही, पालकांना कळवण्याची गरज नाही’ असा शेरा आहे. सदर शेरा चुकीचा असून माझ्यावर अन्याय करणारा आहे.

१. प्रश्न तिसरा, ‘आई घरी असते का?’ याला मी ‘होय’ लिहिले. प्रश्न चौथा, ‘अडचणी आईला सांगता का?’ याला ‘रोज’. यात मी खोटे बोललेले नाही. पहिले नातवंड म्हणून चाळिसाव्या दिवशी मला आजीच्या ओटीत घातले, त्यामुळे आजी ही माझी आई. त्यामुळे जन्मदाता बाप माझा थोरला भाऊ ठरला आणि जन्मदाती जिपारा त्याची बायको, म्हणून मी त्याला दादा आणि तिला वहिनी म्हणते. एरमेक माझ्यानंतर दोन वर्षांनी झाला, तो तिच्याजवळच राहिला आणि तिला आई म्हणतो. आपल्याकडे ही रीत घरोघरी आहे, परंतु प्रश्नावली करणाऱ्यांना तिचा पत्ता नसावा. ज्या बाईने ओटीत घेतले तिला कागदावर ‘आजी’ लिहिणे म्हणजे तिचे नाक कापणे, म्हणून मी ते लिहिले नाही. मी तिला रोज सगळे सांगते हेही खरे आहे. मात्र गेल्या वर्षीच्या झटक्यापासून ती बोलत नाही, आणि मी कोण हे तिला दर वेळी आठवत नाही. या दोन उत्तरांचे मला वीस गुण मिळाले आणि त्या वीस गुणांनी मी हिरवी झाले.

२. एरमेकला लाल कार्ड मिळाले. त्याने उत्तरे कशी लिहिली हे त्यानेच सांगितले : “घंटा झाली होती गं ताई, बाहेर पोरं चेंडू घेऊन उभी. मी वरपासून खालपर्यंत सगळ्याला ‘होय’ करून टाकलं.” त्याने प्रश्न वाचलेच नाहीत. नशा कशाशी खातात हेही त्याला माहीत नाही. तरीही कार्यालयाचे पत्र परदेशात येकातेरिनबुर्गला गेले आणि चार वर्षे तिथे उपाहारगृहात भांडी घासणारी वहिनी अकराव्या दिवशी दारात उभी राहिली. दादाला, म्हणजे एरमेकच्या वडिलांना, सुट्टी मिळाली नाही, पण तो रोज फोन करतो. फोन एरमेकच्या कानाला लावला जातो. मी गणिताच्या स्पर्धेत जिल्ह्यात दुसरी आले तेव्हा फोनवर अंगठ्याचे चित्र आले होते.

३. वहिनी आल्यापासूनची वस्तुस्थिती नोंदवते. ती एरमेकला शाळेपर्यंत सोडायला येते आणि वाटभर त्याचा दंड धरून चालते. कणकेचे बोरसोक तळले की पहिला घाणा त्याचा, साईची वाटी त्याच्यापुढे. त्याने जांभई दिली तरी ती त्याचे डोळे तपासते, दोन्ही पापण्या वर करून, अगदी जवळून. माझ्या डोळ्यांचा रंग कोणता हे तिला सांगता येईल असे मला वाटत नाही. मागल्या शुक्रवारी मी मुद्दाम जेवले नाही. तेव्हा ती आजीचे पाय चोळता चोळता म्हणाली, “तुझं काय बाई, तू शहाणी. तुझी काही काळजीच नाही मला.” त्यावर शेजारच्या काकूंनी री ओढली : “पोर हवी तर अशी! आहे का नाही ते कळतसुद्धा नाही.” दोघींनी हे कौतुक म्हणून म्हटले.

४. मला एरमेकचा मत्सर वाटतो. हे कारण आपल्या प्रश्नावलीत नाही. मैत्रिणी काय म्हणतात, खेळ खेळता का, कुणी आग्रह केला तर नाही म्हणता येईल का, हे सगळे विचारले आहे. तुमच्यासाठी कोण धावत येईल, आणि आले नाही तर तुम्ही काय कराल, हे विचारलेले नाही. पुढील पाहणीत हे प्रश्न घालावेत अशी नम्र सूचना आहे.

५. लाल यादीसाठी लागणारे अवगुण माझ्यात कमी पडत असल्यास कळवावे. यावर्षी मी दोन तास बुडवले आहेत, त्यांपैकी एक आजीच्या औषधासाठी होता, तो धरू नये. समुपदेशक तुर्सुनाय मॅडमना भेटून मी माझे कार्ड बदलून मागितले. त्या हसून म्हणाल्या, “अगं वेडे, लोक लाल पुसायला माझ्या पाया पडतात, आणि तू मागायला आलीस? जा, अभ्यास कर.” म्हणून वर अर्ज करावा लागत आहे.

६. तातडीचे कारण असे. सोमवारी एरमेकची पुन्हा तपासणी झाली. या वेळी वहिनी दाराबाहेर बसून होती, त्यामुळे त्याने प्रश्न वाचून उत्तरे दिली आणि तो हिरवा झाला. तिने त्याच दिवशी रविवारचे परतीचे तिकीट काढले. एरमेक मला म्हणाला, “ताई, आता तू लाल हो ना. म्हणजे आई राहील.” तो चौदा वर्षांचा आहे, त्याला हे सोपे वाटते.

७. प्रश्न एकतिसावा, ‘येत्या महिन्यात अमली पदार्थ घेऊन पाहण्याचा विचार आहे का?’ यापुढे मी ‘नाही’ लिहिले होते, आणि सप्टेंबरमध्ये ते खरे होते. ते आता ‘होय, शनिवारी’ असे वाचावे. अकरावीतल्या एका मुलीने काल माझ्या हातात पुडी ठेवली. ती म्हणाली, “घे गं. तुझ्यावर कोण संशय घेणार? तुला तर आई-बाप पण विचारत नाहीत.” तिने आग्रह केला नाही. मला नाही म्हणता येत होते, नवव्या प्रश्नाचे माझे उत्तर अजून बरोबर आहे, पण मी नाही म्हटले नाही. नशेची मला ओढ नाही, उलट भीती वाटते. एरमेक काहीही न करता लाल झाला. मला मात्र त्यासाठी खरोखरच काहीतरी करावे लागेल, असे दिसते.

८. तरी विनंती की माझे नाव लाल यादीत घेऊन श्रीमती जिपारा सादीरबेकोवा यांना शुक्रवारपर्यंत पत्र पोहोचवावे. पत्रात ‘आपली नणंद’ असे लिहू नये, ‘आपली मुलगी’ असे लिहावे.

९. पुडी देणाऱ्या मुलीचे नाव मी देणार नाही. पुडी अद्याप उघडलेली नाही. ती या अर्जासोबत जोडण्याचा विचार केला होता, पण मग मी पुन्हा शहाणी ठरेन आणि हिरव्या यादीतच राहीन, म्हणून जोडलेली नाही. ती माझ्याजवळ आहे. ताब्यात घ्यायला कुणाला पाठवायचेच असेल तर मॅडमना किंवा पोलिसांना पाठवू नये. वहिनीला पाठवावे. तिने मागितली तर मी लगेच देईन.

आपल्या कार्यालयाला आजवर कोणताही त्रास न दिलेली,

बुरुल सादीरबेकोवा
(सही)

सोबत : १) हिरवे कार्ड, मूळ प्रत, रद्द करण्यासाठी. २) दुरुस्त उत्तरांचा कागद.