न झालेल्या धावा

सांता ब्रिखिदा
रविवार, ११ मार्च १९८४

नोर्बेर्तो,

देव तुझं भलं करो. इकडे आम्ही सगळे ठीक. तूही तिकडे ठीक असशील असं समजतो. पत्ता तुझ्या आईने दिला, तोही तिसऱ्या खेपेला. ला रोमानाच्या बंदरावर पोती उचलतोस म्हणाली. पाठ सांभाळ.

गळीत हंगाम जोरात आहे. मंगळवारी दुसरा रोलर मोडला, म्हणून मी दोन दिवस वर्कशॉपमध्येच होतो. वारा पडला की अख्ख्या वस्तीला मळीचा वास येतो. आपण जिंकलेला कप चागोच्या दुकानात रमच्या बाटल्यांमध्ये ठेवलाय. पहिले दोन-चार दिवस माणसं बघायला यायची, आता कोणी येत नाही. घरी मिनर्वा तुझी आठवण काढते. म्हणते, लग्नाच्या नवऱ्यापेक्षा तो पोरगा माझ्या स्वयंपाकाला जास्त नावाजायचा.

बाबा, तुमचे तोफिलो मास्तर, गेल्यानंतरच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना बुधवारी संपल्या. तुझी आई नऊही दिवस आली. पहिल्या संध्याकाळी तू रस्त्यापलीकडे उभा होतास असं मिनर्वा म्हणाली. आत आला असतास तरी चाललं असतं. कोणी काही बोललं नसतं.

आमादो घराबाहेर पडत नाही. कामावरही जात नाही.

पत्र लिहायचं कारण असं की बेसबॉलच्या अंतिम सामन्याला तुला बाहेर का ठेवलं, हे मी तुला तोंडाने कधी सांगितलं नाही. संघाची यादी वाचून दाखवली आणि निघून गेलो. मॅनेजरने असं करू नये.

जानेवारीतले तीन सामने आठव. तिन्ही आपण एकेका धावेने हरलो. गोलंदाजांनी जीव काढला आणि आपण दोन-दोन धावांवर अडकलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या त्या जागेवर तू असलास की तिकडून चेंडू जात नाही, हे आंधळाही सांगेल. पण बॅट घेऊन दहा वेळा उभा राहिलास तर दोनदाही बेसवर पोचत नाहीस. आमादो दहात साडेतीन वेळा मारतो, आणि मारतो ते कुंपणापर्यंत. बाहेरच्या मैदानात तीन जागा, तिघेही चांगले मारणारे. आमादोला घ्यायचं तर तुझीच जागा रिकामी होत होती.

बाबांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणायचे, "फळ्यावर चढलेली धाव सगळ्यांना दिसते, एलिहिओ. न झालेली धाव कोण लिहिणार?" तीस वर्षं संघाची वही त्यांनीच लिहिली, त्यामुळे हे ते स्वतःलाच विचारत असावेत. परवा मी ती वही उघडली. समासात पेन्सिलीचे बारीक ठिपके आहेत. आधी मला कळलं नाही. मग तारखा लावून पाहिल्या. दुसऱ्या कोणाच्या हातून निसटला असता असा चेंडू तू अडवलास की त्यांनी तिथे ठिपका दिलाय. सगळ्या हंगामाचे ठिपके मी मोजले. त्यांतून किती धावा वाचल्या असतील याचा अंदाज बांधला, आणि आमादोच्या बॅटने आपल्याला किती जास्त दिल्या असत्या त्याच्याशी ताडून पाहिला. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. पारडं कुठेच झुकत नाही. एखाद्या धावेचा फरक, तोही इकडचा की तिकडचा ते सांगता येत नाही.

म्हणजे मी चुकलो असं आकडे म्हणत नाहीत. एवढंच तुला कळवायचं होतं.

बाकी तू पाहिलंसच. आठव्या डावात दोन बाद असताना चेंडू आमादोकडे गेला. त्याने नीट उचलला आणि घाईत फेकला. पहिल्या बेसवाल्याच्या हातभर वरून गेला. बाबा चिंचेखाली बाकावर बसले होते. कानाच्या वर लागला. मी धावत गेलो तर टोपी झटकत होते. म्हणाले, "काही नाही. जा तू. दोन धावा झाल्या, लिहून घेतल्यात." आपण सहा-चारने जिंकलो. घरी येऊन भात आणि घेवडा जेवले. सकाळी उठले नाहीत. सत्तावीस फेब्रुवारी, स्वातंत्र्याचा दिवस. शाळेची मुलं झेंडे घेऊन रस्त्यावर होती, त्यामुळे गाडी हळू चालवावी लागली. दुपारी इस्पितळातच वारले.

डॉक्टर म्हणाले, काहीच करता आलं नसतं.

तुझा संघाचा सदरा मिनर्वाने धुऊन ठेवलाय. कोणाबरोबर पाठवू ते कळव.

तुझा मॅनेजर,
एलिहिओ


सांता ब्रिखिदा
रविवार, १ एप्रिल १९८४

नोर्बेर्तो,

देव तुझं भलं करो. तुझं पत्र मिळालं. एका ओळीच्या पत्राला तू पूर्ण कागद वापरलास. "सातव्या डावात मी उठलो होतो, तुम्ही बस म्हणालात, का?" दहा दिवस ते कामाच्या शर्टाच्या खिशात होतं. घडीवर फाटायला आलंय.

मी तुला सरळ उत्तर देतो. आधी वाटलं होतं, लिहायला बसलो की आतून काहीतरी होईल. काही होत नाही. परवा वर्कशॉपमध्ये तापलेला नट उचलला, तर सोबतचा माणूस ओरडेपर्यंत हातातच होता. फोड आलेत. दुखतात बहुतेक.

सहाव्या डावानंतर आपण सहा-दोनने पुढे होतो. आमादोने त्यातल्या दोन धावा आणल्या होत्या. त्याला घेण्याचं जे काही कारण होतं ते तिथे संपलं. पुढे असताना शेवटचे तीन डाव चेंडू अडवणाऱ्या हातांच्या माणसाला आत घ्यायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. तिथे वजन करण्यासारखं काही नव्हतं. तू न सांगता उठलास, ग्लव्ह चढवलास आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिलास.

"जाऊ?" म्हणालास.

"बस," मी म्हणालो.

"चार धावांनी पुढे आहोत."

"मोजता येतं मला. बस."

तू माझ्याकडे तोंड करून होतास, म्हणून मागचं तुला दिसलं नाही. मैदानाच्या पलीकडून बाबांनी पेन्सिल वर केली होती आणि तुझ्याकडे रोखली होती. सगळ्या हंगामात त्यांनी सामना चालू असताना मला कधी खूण केली नव्हती. मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

ते पलीकडे का बसले होते, तेही तुला ठाऊक नाही. तुम्हा सगळ्यांना वाटलं उन्हामुळे. शुक्रवारी यादी वाचून मी घरी गेलो तेव्हा ते दारातच होते.

"त्या पोराला बाहेर ठेवलंस?"

"धावा हव्यात, बाबा."

"आमादोचा फेकलेला चेंडू घाईत वर जातो. तू बघतोस ना रोज?"

"एका सामन्यासाठी चालेल."

ते दारातून बाजूला झाले. मग म्हणाले, "तुला तो आवडत नाही."

मी म्हणालो, "तुम्हालाच तो एवढा आवडतो की दुसऱ्या कोणाला जागाच उरत नाही." एक्केचाळीस वर्षांचा माणूस मी, नोर्बेर्तो. आई चुलीपाशी होती. तिने ऐकलं.

बाबा म्हणाले, "मग रविवारी मी तुझ्या बाकावर बसणार नाही." ते तीस वर्षं संघाच्या बाकावर बसत आले होते. आपल्या बाकापुढे जाळी आहे. चिंचेखाली नाही.

मी लहान असताना त्यांनी मलाच तुझ्या त्या जागेवर उभं केलं होतं, हे त्यांनी तुला सांगितलं असेल किंवा नसेल. पाच वर्षं रोज संध्याकाळी, वजनकाट्यावरचं काम संपवून, ते मला चेंडू टाकायचे. माझ्या हातांत ते नव्हतं. बारा वर्षांचा असताना एक दिवस त्यांनी चेंडू खिशात घातला आणि म्हणाले, "तू बाहेरच्या मैदानात जा. तुझी बॅट चांगली आहे." रागाने नाही म्हणाले. बॅट खरंच चांगली होती. पुढे बरीच वर्षं मी या संघासाठी मारत राहिलो, आणि ते सगळं वहीत आहे, एकही फटका त्यांनी लिहायचा सोडलेला नाही. ठिपका मात्र एकही नाही. मग दुधाच्या खोक्याचा ग्लव्ह करून तू अंगणात आलास, सात वर्षांचा, आणि ते पुन्हा रोज संध्याकाळी बाहेर जाऊ लागले.

तेव्हा सातव्या डावात तुला आत पाठवलं असतं, तर शुक्रवारचं त्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं, तेही सगळ्या गावासमोर. म्हणून बस म्हणालो. दुसरं काही कारण नाही.

आता दुसरी गोष्ट. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. आधीच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तो तरुण डॉक्टर होता. त्याने विचारलं, "मार कधी लागला?" मी सांगितलं, "आज सकाळी." त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण कानामागे सगळं काळंनिळं झालं होतं आणि तसं दोन-तीन तासांत होत नाही. तो म्हणाला, "काल आणलं असतं तर..." आणि बोलायचा थांबला. मी पुढे विचारलं नाही.

आणि काल आणता आलं असतं. नवव्या डावाआधी मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो होतो. ते वही लिहीत होते. मी विचारलं, "घरी जाता का?" ते म्हणाले, "संपू दे." त्या डावातलं अक्षर मी आता पाहिलंय. ओळ सोडून खाली उतरत गेलंय, एका चौकटीत दोघांची नावं आहेत. त्या वेळी मी वहीत पाहिलं नाही. तीन गडी बाद करायचे होते.

बुधवारी आमादोकडे गेलो. तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याची बहीण खुर्ची ठेवून गेली. मी म्हणालो, "आमादो, चेंडू तुझ्या हातून गेला, पण तिथे तुला मी उभं केलं. सातव्या डावात काढायला हवं होतं, काढलं नाही. बाबांनी सांगूनही काढलं नाही. हे मी उद्या सगळ्या संघाला सांगणार आहे."

तो भिंतीकडे पाहतच म्हणाला, "मी तुम्हाला म्हणालो होतो, घाई झाली की माझा हात वर जातो."

"म्हणाला होतास."

"तुम्ही म्हणालात, देव बघून घेईल."

"हो."

मग तो उठून बसला आणि पाणी मागितलं. गुरुवारी मी संघाला सांगितलं, चागोच्या दुकानासमोर, सगळे उभे असताना. एकाने माझ्या हातातून संघाच्या किल्ल्या घेतल्या. आमादो काल कामावर गेला असं ऐकलं.

आईला सांगायचं राहिलं होतं. तिला काल सांगितलं. ती घेवडा निवडत होती. मी सगळं सांगितलं, पेन्सिल, वही, डॉक्टर. तिचे हात थांबले नाहीत. माझं झाल्यावर म्हणाली, "जेवताना त्यांच्या हातातून चमचा दोनदा पडला. मी पाहिलं. मी म्हटलं, दमलेत, झोपू दे." मग म्हणाली, "रात्रभर घोरत होते. तसे ते कधी घोरायचे नाहीत." आणि परात माझ्याकडे सरकवली. आम्ही दोघांनी मिळून सगळा घेवडा निवडला. महिनाभर तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं, आणि ती आहे तोवर आणखी कोणाला सांगू नकोस म्हणाली. तुला लिहितोय हे तिला माहीत आहे. तुला चालेल म्हणाली.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात ती गोड घेवड्याची खीर करणार आहे, दरवर्षीसारखी मोठं पातेलं भरून. तू यावंस असं तिचं म्हणणं आहे. मी गुड फ्रायडेला कारखान्यावर पाळी मागून घेतली आहे. सकाळी सहाला जाईन, संध्याकाळी येईन. तू आलास तर मधल्या वेळात ये, किंवा मी असताना ये. जसं तुला सोसेल तसं.

तुझ्या पत्राचं उत्तर दिलं. माफी मागत नाही, कारण तू देशील म्हणून मागितल्यासारखं होईल. तू वीस वर्षांचा झालास तेव्हा बाबा मला म्हणाले होते, "याला सांभाळ, हा तुझ्यानंतरचा." मी तेव्हा उलट अर्थ काढला. वाटलं, आता माझ्यानंतर हाच. त्यांना धाकटा भाऊ म्हणायचं होतं.

तोफिलो मास्तरांचा थोरला मुलगा,
एलिहिओ