तीन मायक्रॉनचा खड्डा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय एकाहत्तर पूर्ण, ग्राइंडिंग मशीनच्या कारखान्यातून निवृत्त झालेली स्क्रेपर, म्हणजे लोखंड खरवडणारी कारागीर, असे लिहून ठेवते की हा मजकूर मी पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही भरीला न पडता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी सांगू लागले तर ती माझी थोरली जाऊ असेल, तिचे मनावर घेऊ नये.

कलम १. खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई म्हणाल्या, "आधी घर लिहा, मग बाकीचं." पण मी काय केले ते कळल्याशिवाय मी काय ठेवून जाते ते कळणार नाही, म्हणून आधी काम लिहिते. वाचणाऱ्याला घाई असेल तर त्याने कलम दोनपासून वाचावे. माझ्या मुलाला घाई असते.

आमच्या कारखान्यात ग्राइंडिंग मशीन तयार होतात. जगभरातल्या गाड्यांना आणि पंपांना जे शाफ्ट आणि बेअरिंग लागतात, ते या मशीनवर घासून मापात आणतात. ते माप मायक्रॉनचे. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, आणि आमच्या मशीनला दोन मायक्रॉनची चूकही चालत नाही. मशीनचा पाया म्हणजे बेड. दोन मीटर लांब, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. ओतल्यावर तो वर्षभर आवारात नुसता पडून राहतो, कारण ओतलेले बीड आतून ताणलेले असते आणि ते निवळायला वेळ द्यावा लागतो. मग तो तासून आत येतो. आत बाराही महिने वीस अंश तापमान. आता तिथे लेझरने मोजतात, सामान आणणाऱ्या गाड्या आपल्या आपण फिरतात, भिंतीवरच्या पडद्यांवर आकडे पळत असतात. तरीही शेवटचे दोन-तीन मायक्रॉन माणसाचाच हात काढतो. सपाट पट्टीला निळा रंग पुसायचा, ती बेडवर फिरवायची. जिथे निळे ठिपके उमटतील तिथे उंचवटा. तेवढाच स्क्रेपरने, म्हणजे लांब दांड्याच्या धारदार पात्याने, खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा ठिपके. एका बेडला तीन-चार आठवडे लागतात.

असे तीनशे अकरा बेड मी छत्तीस वर्षांत केले. स्क्रेपर हाताने धरायचा आणि कमरेने ढकलायचा असतो. माझ्या उजव्या कमरेवर त्याचा घट्टा आहे, तो माझ्याबरोबर जाईल. पहिल्या दिवशी सगळा हॉल काम सोडून बघत होता की ही बाई किती दिवस टिकते. ज्यांनी मला शिकवले त्या उस्तादांना कोणीतरी विचारले, "हिला जमेल का?" उस्ताद म्हणाले, "लोखंडाला काय कळतंय, कोण ढकलतंय ते." मला आजवर कोणी केलेले हे सर्वांत चांगले कौतुक. दरेकाच्या खरवडीची खूण वेगळी असते, अक्षरासारखी. माझी खूण चंद्रकोरीसारखी, डावीकडे झुकलेली. ती बघून दूरदेशीचे फिटरसुद्धा म्हणत, हा बेड त्या बाईचा. हे मी ऐकीव लिहीत नाही, मला त्यांची पत्रे आली आहेत.

कलम २. राहते घर, त्यातल्या दोन खोल्या, गॅलरी आणि सगळी भांडीकुंडी माझ्या यजमानांना. त्यांनी जन्मभर शिवणकाम केले. त्यांचा धंदा माझ्याहून दयाळू, चुकले तर उसवता येते. मी घरी येऊन दाराची चौकट तिरकी आहे म्हणून कुरकुर करायची आणि ते म्हणायचे, "दार लागतंय ना? मग जेव." ती चौकट आजही दोन मिलिमीटर तिरकी आहे. ती त्यांनी तशीच ठेवावी, मी हरले.

कलम ३. बँकेतली शिल्लक मुलाला आणि मुलीला निम्मी निम्मी. मुलगा सगळे आयुष्य कॉम्प्युटरसमोर बसून काढतो आणि मला म्हणतो, "आई, तुमचं काम आता रोबोट करतील." करू देत. तोवर त्याने माझ्या बाकाजवळचे स्टूल न्यावे आणि त्यावर ताठ बसावे.

कलम ४. घडीची शिडी माझ्या थोरल्या जावेला. ती तिने अकरा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेली आहे. "लोखंड घासणारी सून" असे ती मला चारचौघांत म्हणत असे. वाक्य तिने टोमणा म्हणून काढले होते, मी ते पदवी म्हणून वापरले. त्याबद्दल शिडी.

कलम ५. माझे सहा स्क्रेपर, धार लावायचा दगड, लेव्हल आणि निळ्या रंगाची शेवटची डबी मुलीला. ती त्याच हॉलमध्ये, माझ्याच बाकावर काम करते. तिची खूण उजवीकडे झुकते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तिला बोलले होते. आज लिहून देते की तिचे काम माझ्याहून स्वच्छ आहे. हे तिला मी जिवंत असेपर्यंत सांगू नये.

कलम ६. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

कारखान्यात लागल्यावर पहिल्या वर्षी उस्तादांनी मला आणि माझ्या आधी लागलेल्या एका फिटरला बरोबर घेऊन तीन पाट घडवले. पाट म्हणजे हातभर लांब-रुंद, अगदी सपाट बिडाची प्लेट, जिच्यावर बाकी सगळे ताडून बघायचे. एक उस्तादांचा, एक माझा, एक त्या फिटरचा. तीनच का, ते त्यांनी करून दाखवले. दोन पाट एकमेकांवर घासत गेले की एक फुगीर, दुसरा खोलगट असूनही ते तंतोतंत बसतात आणि दोघेही आपण सरळ आहोत असे समजतात. तिसरा आणला की लबाडी उघडी पडते. तिघांना आळीपाळीने घासायला आम्हाला अकरा महिने लागले.

ते फिटर पुढच्याच वर्षी तपासनीस झाले. डायलचा काटा शून्यावर आल्याशिवाय ते सही करत नसत, म्हणून सगळे त्यांना शून्यराव म्हणत. त्यांची सही नसेल तर मशीन हॉलबाहेर जात नसे. त्यांनी माझे दोनशे अकरा बेड तपासले आणि एकही परत केला नाही. हे मी सगळ्यांना सांगत असे, जरा जास्तच.

दोनशे बारावा बेड त्यांनी परत केला. एका सकाळी मोजून ते म्हणाले, "मधे खड्डा आहे. तीनच्या आसपास." मी म्हटले, "माझ्या बेडला? तुमची पट्टी बघा, कुठे आपटली असेल." दुपारी साहेब आले. मी त्यांच्यासमोर माझ्या पट्टीने मोजून दाखवले. बेड सरळ होता. मशीन चार दिवसांत निघायचे होते आणि त्या हॉलमध्ये माझा शब्द चालत होता. शून्यरावांची पट्टी भंगारात काढली आणि त्यांना पॅकिंगला पाठवले. मशीनला खोकी ठोकायचे काम. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, फक्त माझ्याशी बोलणे सोडले. आठ वर्षांनी ते तिथूनच निवृत्त झाले. त्यांच्या खोक्यांचे कोपरे गुण्यात, अगदी काटकोनात असत.

सहा वर्षांनी तेच मशीन दुरुस्तीला परत आले. मी बेड पुसला, पट्टी ठेवली. मधे खड्डा होता. वापराने झिजला म्हणावे, तर त्या खड्ड्यात माझ्या चंद्रकोरी नव्यासारख्या ताज्या होत्या. तिथे काही टेकलेच नव्हते. म्हणजे खड्डा पहिल्या दिवसापासूनचा.

मग मला दिवा आठवला. त्या वर्षी माझ्या कोपऱ्यात उजेड कमी होता, म्हणून यजमानांचा शिवणमशीनचा दिवा मी घरून नेला होता. जुन्या पद्धतीचा तापणारा बल्ब, बेडपासून वीतभर अंतरावर, दिवसभर. वीस अंशांच्या हॉलमध्ये मी स्वतःच्या हाताने बेडची पाठ उबवत होते. ऊब लागली की बीड वर फुगते. तो फुगवटा मी उंचवटा समजून खरवडला. रात्रीत बेड निवला आणि खरवडलेल्या जागी खड्डा पडला. सकाळी शून्यरावांनी निवलेला बेड मोजला. दुपारी मी साहेबांना दिव्याखाली तापलेला बेड मोजून दाखवला. दिव्याशिवाय मी मोजलेच नव्हते. नव्या पोराच्या हातात कोणी तसा दिवा दिला असता तर मी त्याला हॉलबाहेर काढले असते.

शून्यराव तेव्हा अजून पॅकिंगमध्ये होते, त्यांची दोन वर्षे बाकी होती. माझ्या बाकापासून त्यांचे दार साठ पावलांवर. मी गेले नाही. खड्डा गुपचूप काढला, मशीन पाठवले, दिवा घरी आणला. लोक माझ्याकडे शिकायला येत, मी त्यांना शिकवत राहिले आणि मान ताठ ठेवली. त्या साठ पावलांची मला आज लाज वाटते.

म्हणून मी जाहीर करते की दोनशे बाराव्या बेडच्या मध्यभागी तीन मायक्रॉनचा खड्डा होता, तो माझ्या हातून पडला, आणि तपासनिसांचे माप बरोबर होते. हे कलम माझ्या मृत्यूनंतर असेंब्ली हॉलच्या फलकावर लावावे. माझ्या बाकी तीनशे दहा बेडचा मला अभिमान आहे आणि हे लिहिल्यावर तो खरा ठरतो.

कलम ७. माझा पाट शून्यरावांना द्यावा. उस्तादांचा पाट कारखान्यात माझ्या मुलीच्या बाकावर आहे.

पुरवणी. वरचा मजकूर स्वच्छ अक्षरात उतरवायला मी मुलीकडे दिला होता. कलम पाचही तीच वाचणार हे माझ्या ध्यानात आले नाही. कलम सहापर्यंत आल्यावर तिने पेन खाली ठेवले.

"आई, हे तू मेल्यावर सांगणार?"

"मृत्युपत्र आहे. ते मेल्यावरच वाचतात."

"ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आधी तूच जाशील हे कुणी ठरवलं?"

 दुसरा साक्षीदार अजून मिळायचा होता. मी तिला म्हटले, त्यांना विचार, सहीला येता का.

आज सकाळी ते आले. सव्वीस वर्षांनी आमच्याकडे. स्वयंपाकघरातल्या टेबलाला हात लावून पाहिला, टेबल हलत होते, खिशातले बसचे तिकीट घडी करून एका पायाखाली सरकवले आणि मग बसले. मी कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला. वकीलबाई आणि मुलगी उभ्याच होत्या. यजमानांनी चहा ठेवला, तो कोणी घेतला नाही.

"दिवा होता होय," ते म्हणाले.

"हो."

"ती पट्टी मी भंगारातून मागून घरी नेली होती. माझ्या पाटावर घासून बघायचो. रोज. कधी चूक सापडली नाही. मग वाटायचं, पाटच बिघडला असेल. दोघांत कळत नाही ना, कोण वाकडं ते."

मी म्हटले, "वाकडी मी होते. माझं चुकलं. आणि कळल्यावरही मी आले नाही, ते जास्त चुकलं."

 ते म्हणाले, "हं." त्यांचे एवढेच असते.

वकीलबाईंनी मधे पडून सांगितले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये. एक काहीतरी निवडावे लागेल, पाट किंवा सही.

"पाट नको," शून्यराव म्हणाले. "सही करतो. पॅकिंगला गेल्यापासून माझी सही कुणी मागितली नाही."

त्यामुळे कलम सात मी रद्द करते. माझा पाट मुलीला. शून्यराव त्यांचा पाट आणि ती पट्टी उद्या तिच्या बाकावर आणून ठेवतो म्हणाले. तिन्ही पाट पुन्हा आळीपाळीने घासून पाहायचे ठरले आहे. कलम सहा माझ्या मृत्यूपर्यंत थांबवू नये. मुलीने ते सोमवारी फलकावर लावावे.

वरील सर्व मजकूर वाचून, समजून, पुरवणी माझ्या हाताने लिहून मी सही करत आहे.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल, आता न हलणारे.
वेळ: चालू महिन्याची नऊ तारीख, सकाळचे साडेअकरा. खोलीचे तापमान तेवीस अंश, दिवा बंद.

लिहून ठेवणारी: सही

साक्षीदार पहिली, वकीलबाई: सही. लिहून ठेवणारीने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरे, निवृत्त तपासनीस: सही. लिहून ठेवणारीने माझ्यासमोर सही केली. मजकूर तपासला. कलम सहामध्ये एक दुरुस्ती: खड्डा तीन नव्हे, चार मायक्रॉनचा होता. त्या दिवशी मी एक कमी सांगितला. बाईंना वाईट वाटू नये म्हणून.

दुरुस्ती मान्य. लिहून ठेवणारी: सही