वास्तूच्या आहेरातली मशीन

जुनं शहर, अकोला
५ ऑगस्ट २०२५, सकाळ

जमुनाताईंले गीतांजलीचा नमस्कार.

बडनेऱ्यात सगळे बरे असान. इकडं तुमच्या भावाचा गुडघा तेवढा दुखते, बाकी ठीक. शेजारच्या देवमनच्या गाडीत वांगे अन् सांबाराच्या हिरव्या जुड्या पाठवून राहिली, त्याच्याच हाती हे पत्र. आधी पत्र वाचा, मंग वांगे पाहा.

काल सात खेपा फोन लावला. आमच्या पोराच्या, शुभमच्या लग्नात तुमची मानाची साडी हलकी निघाली, तो राग मले कबूल हाय. पण तुमच्या सुनेले, आकांक्षालेही आमचा नंबर ब्लॉक करायले लावला ना तुमी!

ताई, वास्तूले आमी देल्ली ते फरशी पुसायची वाफेची मशीन लावू नका. आकांक्षाले हात लावू देऊ नका. तिची पोरगी आता रांगत असन, तिले त्या खोलीत सोडू नका. कंपनीचा मेसेज आला, टाकीचं झाकण दाबानं उडते अन् उकळतं पाणी अंगावर येते. सगळ्या मशिनी वापस मागून राहिले.

तुमी म्हणसान, मेसेज तुह्या फोनवर काहून?

मशीन तुमच्यासाठी घेतलीच नव्हती. शुभमनं मले दिवाळीले माह्याच नंबरवर घेऊन देल्ली होती. मी पुसून डब्ब्यात भरली, वरून चमकीचा कागद लावला, माह्या नावाचं कार्ड काढून ठेवलं. अन् तुमी साऱ्या बायांले दाखवत होत्या, माह्या वहिनीनं आणली म्हणून. तोंड कुठं लपवू असं झालं मले.

तुमचे भाऊ म्हणतात, सहा महिने काई झालं नाई, आता काहून उकरते? त्यायले पुरं माहीत नाई.

वास्तूत तुमी माह्या हाताची पट्टी पाहून इचारलं होतं. मी म्हटलं, तवा लागला. तवा नाई लागला ताई. याच मशीनचं झाकण उडालं होतं. मले वाटलं, मलेच लावता आलं नाई, आकांक्षा शिकलेली हाय, तिले जमन. असं मनाले समजावलं. खरं म्हणजे ते डबडं मले घरात नको होतं अन् आहेर फुकटात होत होता.

शिव्या द्या, माहेर तोडा, पण आधी प्लग काढा. देवमनले सांगतलं हाय, मशीन गाडीत टाकल्याबिगर निघू नको. त्याच्या फोनवरून एवढंच सांगा, पोरगी खेळून राहिली म्हणून. मी फोन हातात घेऊन बसली हाय.

वहिनी म्हणायचं का नाई, ते तुमी ठरवा.

गीतांजली