ह्यांची माशांची टाकी

सातारा, मंगळवार, १४ मे १९९६

आज माझ्या हातून ह्यांचे आठही मासे मेले. पलटणीतून निवृत्त झाल्यापासून ह्यांचा सगळा जीव त्या काचेच्या टाकीत. महिनाभर दवाखान्यात होते, आज संध्याकाळी घरी यायचे. टाकी शेवाळून हिरवी झालेली, म्हणून सकाळी मी सगळं पाणी उपसलं आणि नळाचं भरलं. त्याला जंतू मारायच्या औषधाचा उग्र वास येत होता, तरी भरलं. हे बादलीत दोन दिवस ठेवून वास उडालेलं पाणी घालायचे, तेही थोडंथोडं. दवाखान्यात जाण्याआधी त्यांनी भरलेली बादली कोपऱ्यात तशीच होती. मी त्या पाण्यानं फरशी पुसली. का नाही आठवलं मला?

मासे वर येऊन तोंड उघडत राहिले. दुपारपर्यंत एकेक उलटा झाला. ती बादली डोळ्यांसमोरून हलत नाही.

हे आले आणि सवयीनं टाकीसमोरच्या खुर्चीत बसले. मी म्हटलं, "आवं, माझ्याकडनं लय मोठी चूक झाली."

त्यांनी रिकाम्या पाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तू एकटी काय काय बघणार? खुर्ची तेवढी खिडकीकडं फिरव."

फिरवली. जेवणाची वेळ होईपर्यंत तसेच पाठमोरे बसून होते.